पडद्यावरचे आणि अंगणातले

बासू चटर्जी यांचा १९७९ सालचा 'बातों बातों में' हा चित्रपट मी बीडला शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शन संचावर पाहिला. तोवर हिंदी पडद्यावरचा ख्रिस्ती म्हणजे बहुधा मद्यपी, नाही तर क्लबात नाचणारी एखादी रोझी. येथे मात्र लोकलने कामावर जाणारे वांद्र्याचे टोनी व नॅन्सी आणि मुलीच्या लग्नाची घाई झालेली आई, अशी साधी माणसे होती. मी मनोमन सुखावलो.

चित्रपट संपला आणि शेजारीणबाईंनी निरागसपणे विचारले, "गुरुजी, तुम्हीबी ख्रिस्तीच ना? मग बाई फ्रॉक का घालीत नाहीत?"

मी निरुत्तर झालो. ऊसतोडीला जाणारे, लुगडे नेसणारे, मिस्सेला मराठी भजने गाणारे आमचे लोक त्या पडद्यावर कोठे होते? दिग्दर्शकाला दोष कसा द्यावा? त्यांनी वांद्रे प्रेमाने रंगविले. पाहणाऱ्यांनी तेच साऱ्या समाजाचे चित्र मानले.

घरी परतताना मात्र आमचे नाताळचे नाटक आठवले. नायक-नायिकेला मी पुणेरी भाषा दिली होती. बीडची बोली हशा पिकावा म्हणून गड्याच्या तोंडी घातली होती. गडी झालेल्या मुलाचे आईवडील तेव्हा ऊसतोडीवर होते. सारे हसले, तो हसला नाही.

मग इतरांकडे कोणत्या तोंडाने न्याय मागावा? पुढच्या नाताळात आमची नायिका बीडच्या बोलीत रुसली, भांडली आणि लग्नाला तयार झाली. त्या मुलाने नायकाचे काम केले.