लोणारच्या पाण्याचा रंग

सुगी आटोपल्यावर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला गेलात, तर मोबाइलवर फोटो काढालच. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावरून फोटो घेताना पाण्याची कड तिरपी येते, अन् गावातल्या दैत्यसूदन मंदिराचे कोरीवकाम अंधारात हरवते.

हे घरी बसून सुधारता येते. स्नॅपसीडसारख्या मोफत ॲपमध्ये फोटो उघडा. आधी तो सरळ करा, मग कडेचा नको तो भाग कापा, शेवटी सावलीची जागा थोडी उजळा. नवी प्रत जतन करा. मूळ फोटो पुसू नका.

रंगाला मात्र हात लावू नका. जून २०२० मध्ये लोणारचे हिरवट पाणी खरोखरच गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. एरवी फोटोत मनाचे रंग भरणाऱ्याचा त्या दिवसाचा फोटो कोण खरा मानील?

पिकाचेही तसेच. पिवळे पडलेले पान उजळून, हिरवे करून आमच्याकडे पाठवलेत, तर सल्ला चुकेल आणि नुकसान तुमच्या शेताचे होईल. सहलीचा फोटो जरूर सजवा. रोगट पानाचा मात्र काढला तसाच पाठवा.