खोक्यावरचा आकडा

घरच्या संगणकासाठी एसएसडी घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये, हे मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३,५०० किंवा जास्त. पण संगणक सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात; तिथे हा सहापट फरक जेमतेम जाणवतो. क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावरून गाडी सुसाट सुटली, तरी गुलमंडीच्या गर्दीत ती किती धावणार? खरी झेप आहे ती फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सोडण्यात. तिला माहिती शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा जेमतेम शंभरावा भाग.

कुणी म्हणेल, एसएसडी लिहून लिहून झिजते. झिजते खरी. पण ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टीबी लेखनाची हमी मिळते. रोज २० जीबी लिहिलं तरी ४१ वर्षं (हमीची पाच वर्षं त्याआधीच संपतात, ते वेगळं). म्हणून वेगाचे पैसे मी क्षमतेत घालीन. एनव्हीएमई त्याच भावात मिळाली आणि बोर्डावर जागा असली, तर नको कशाला म्हणा? फोटोंची एक प्रत मात्र जुन्या हार्ड डिस्कवर हवीच. ती मरण्याआधी निदान खडखडते तरी. एसएसडी बहुधा गुपचूप जाते.