कोथिंबिरीची जुडी आणि फ्रिज

सकाळी मंडईत कोथिंबिरीची जुडी २० वरून १५ वर आणायला मी पाच मिनिटं घासाघीस केली. भाजीवाल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "न्या ताई, न्या." दुपारी फ्रिज घ्यायला गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, फक्त दोन हजारांत वॉरंटी वाढवून मिळेल." मी "टाका" म्हणून मोकळी! ३२ हजारांपुढं दोन हजार ते काय, असं मनात आलं असावं. आलं म्हणण्याइतका वेळही लागला नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये लोकांना असंच काहीसं विचारलं होतं. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरनी स्वस्त आहे, जाल? ६८ टक्के हो म्हणाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा केला, बचत तीच ५ डॉलरची, तर तयार झाले फक्त २९ टक्के. पाकिटात उरणारा पैसा तोच. पण चटकन चालणारं मन रक्कम मोजत नाही, प्रमाण बघतं. आकडेमोड करणारं संथ मन मुळात आळशी. माझं तर दुकानाच्या एसीत झोपलंच होतं.

आई मोठ्या खरेदीला आधी "उद्या येते" म्हणायची. संथ मनाला जागं व्हायला तेवढी एक रात्र मिळायची, पण आम्हाला लाज वाटायची.

वॉरंटीचा कागद आत्ता वाचला. दाराचं रबर आणि आतला दिवा त्यात येत नाहीत. आणि गंमत म्हणजे दोन हजारांपेक्षा मावशींचे ते पाच रुपयेच जास्त टोचतायत.