म्हातारपणावर ढकलू नकोस

लीड्स,
रविवार, दुपार

प्रिय मानसी,

तुझं पत्र काल रात्री वाचलं. तुझी फेरेट टॉफी स्वयंपाकघरातून येता येता मधेच थांबली, कुठेतरी टक लावून बघत राहिली, तोंडातून लाळ गळायला लागली, पुढच्या पंजांनी तोंड खरवडायला लागली, आणि मग मागचे दोन्ही पाय गळून ती फरशीवर पसरली. थोड्या वेळानं समोर वाटी सरकवलीस तेव्हा खाल्लं आणि पुन्हा सोफ्याखाली पळाली. हे सगळं तू इतक्या बारकाईनं लिहिलंयस की डॉक्टरांना हा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखव. पण शेवटी तू लिहितेस, ‘साडेपाच वर्षांची आहे, वय झालं असेल.’ ते वाक्य मात्र खोडून टाक. वयानं फेरेट हळू चालेल, जास्त झोपेल. वयामुळे तोंडाला फेस येत नाही.

उद्या सोमवार. सकाळी पहिलं काम डॉक्टरांना फोन करायचं. उद्याचीच वेळ माग, आणि ‘बेशुद्धीसारखा झटका येऊन गेला’ असं स्पष्ट सांग. नुसतं ‘मरगळली आहे’ म्हणालीस तर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळेल.

मी डॉक्टर नाही. पण इथे इतकी वर्षं फेरेट पाळले, शनिवार-रविवार सोडून दिलेल्या फेरेटांच्या आसऱ्यात काम केलं, त्यावरून सांगते, मला यात साखर खाली गेल्याचं दिसतंय. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बारीक गाठी होतात. त्यांना इन्शुलिनोमा म्हणतात, आणि तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटांत तो फार आढळतो, तुमच्या अमेरिकेत तर विशेषच. निरोगी शरीरात रक्तातली साखर उतरली की इन्शुलिन थांबतं. या गाठी थांबत नाहीत. साखर उतरतच जाते, आणि मेंदूला तर तिच्याशिवाय चालत नाही. म्हणून ती टक लावून बघणं, म्हणून ते पाय गळणं. लाळ आणि तोंड खरवडणं हे मळमळीचं लक्षण. खाल्लं की साखर वर येते आणि जनावर जणू काही झालंच नाही असं हिंडायला लागतं. हे बरं होणंच माणसाला फसवतं. पुढचा झटका आणखी मोठा येऊ शकतो, आणि त्यात आकडी आली तर ती जिवावर बेतते.

तोवर घरात काय करायचं ते नीट वाच. मधाची बाटली ओट्यावर, हाताशी ठेव. कपाटात नको. तुमच्याकडे मिळणारं मक्याचं पातळ सिरपही चालतं. झटका आला तर कापसाच्या काडीवर थोडासा मध घेऊन तिच्या हिरड्यांवर चोळायचा. हिरड्यांतून शोषला जाईल तेवढा पुरतो. आपल्या घरी कुणाला भोवळ आली की साखरपाणी पाजतात, तुझा हातही सवयीनं तिकडे जाईल. पण अर्धवट शुद्धीतल्या जिवाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. ओतायचं काहीच नाही. आकडी चालू असेल तर बोट तोंडात घालू नकोस, तिचे दात आरपार जातील आणि तिला ते कळणारही नाही. आजूबाजूचं टणक सामान बाजूला कर, मध बाहेरून ओठांच्या कडेनं लाव, तिला टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब दे आणि गाडी काढ.

ती शुद्धीवर आली, मान सावरून गिळायला लागली, की लगेच तिचं नेहमीचं मांसाचं खाणं दे. हे फार महत्त्वाचं आहे. नुसत्या मधानं साखर भसकन वर जाते, ती बघून त्या गाठी आणखी इन्शुलिन सोडतात, आणि तासाभरात जनावर पुन्हा खाली. म्हणूनच मध एरवी खाऊ म्हणून द्यायचाच नाही. मनुका, केळं, बिस्किटाचा तुकडाही नाही. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. टॉफीला दिवसरात्र वाटीत खाणं हवं, आणि रात्री उठलीस तर वाटी रिकामी नाही ना, एवढं बघ.

तू आणखी एक विचारलंस, की ती कधी कधी हलवूनही उठत नाही, ते पण यातलंच का. बहुतेक नाही. फेरेटांची झोपच तशी. आमचा बंडू झोपला की उचलला तरी ओल्या पंच्यासारखा हातातून लोंबायचा, आणि नवख्या पाहुण्याला तो गेलाच असं वाटायचं. अशा वेळी मी तीन गोष्टी बघायची. पोटाला हात लावला तर गरम हवं. ओठ वर करून बघितलं तर हिरडी गुलाबी हवी, बोटानं दाबून सोडली की रंग लगेच परतायला हवा. आणि नाकाशी आवडीचा वास धरला की आधी नाक हलतं, मग मिशा, मग जीभ बाहेर येते, डोळे सगळ्यांत शेवटी उघडतात. बंडूला साल्मन तेलाचा एक थेंब पुरे व्हायचा. टॉफीचं काय आहे ते ती ठणठणीत असतानाच शोधून ठेव. अंग गार, हिरड्या पांढुरक्या, नाक निश्चल, किंवा उठली तरी नजर हरवलेली असेल, तर ती झोप नव्हे. मध लाव आणि नीघ.

डॉक्टर बहुधा थोडा वेळ उपाशी ठेवून रक्त घेतील. हा उपास तीन-चार तासांचा असतो, आणि तोही दवाखान्यात, त्यांच्या नजरेखाली. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं फोनवर कुणी सांगितलं तर पुन्हा विचार. कुत्र्यांसाठीची ती सूचना फेरेटाला, त्यातून अशा फेरेटाला, धोक्याची आहे. निरोगी फेरेटाची साखर साधारण 90 ते 120 असते. 70च्या खाली संशय, 60च्या खाली गेली आणि लक्षणंही जुळली तर बहुतेक ठरलंच. तुझ्या सासऱ्यांचं मधुमेहाचं यंत्र वापरायचं मनात येईल, पण माणसांची यंत्रं फेरेटाची साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवतात.

उपचार आहेत, मानसी. प्रेडनिसोलोन नावाचं औषध यकृताला साखर तयार करायला लावतं. ते पुरेनासं झालं की डायाझॉक्साइड, ते इन्शुलिन सुटण्यालाच आळा घालतं. शस्त्रक्रियेनं गाठी काढतात, पण काही इतक्या बारीक असतात की हाताला लागत नाहीत, आणि पुढे पुन्हा होतात. रोग कायमचा जात नाही, पण चांगले महिने मिळतात, नशीब असेल तर वर्ष-दीड वर्षही. सहा ते आठ वर्षं जगणाऱ्या जिवाला हे थोडं नव्हे. प्रेडनिसोलोन सुरू झालं की मनानं एकदम बंद करायचं नाही. ‘आता बरी दिसतेय’ म्हणून तर नाहीच.

पण सगळं साखरेवरही घालू नकोस. म्हाताऱ्या फेरेटाला एका वेळी दोन-तीन दुखणी असणं नेहमीचं. तिच्या शेपटीवरचे केस विरळ झालेत असं तू दिवाळीत फोनवर म्हणाली होतीस, तेही डॉक्टरांना सांग. तुमच्याकडे पिल्लांची नसबंदी फार लहानपणी होते. मग मेंदूकडून सुटणारे संप्रेरकांचे हुकूम घ्यायला अंडाशय किंवा वृषण उरत नाहीत, ते हुकूम अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर जाऊन आदळत राहतात आणि ती सुजते. मादीत केस गळतात, नसबंदी झालेली असूनही योनी सुजते. नरात प्रोस्टेट सुजून लघवी अडते. बंडूला तेच झालं. एका संध्याकाळी तो आपल्या कोपऱ्यात जाऊन शेपूट वर करून बसला, उठला, परत बसला. मी खाली पांढरा टिशू अंथरला. त्यावर शर्टाच्या बटणाएवढाही डाग पडला नाही, आणि खालचं पोट हाताला घट्ट, गोल लागलं. रात्रीच्या एका दवाखान्यानं ‘आम्ही फेरेट बघत नाही’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांनी घेतलं, नळी घालून लघवी मोकळी केली, पुढे कातडीखाली डेस्लोरेलिनची कांडी बसवली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तो गेला असता. म्हणून तुला सांगते, रात्री कुठला दवाखाना फेरेट बघतो हे आजच फोन करून विचार, आणि नंबर फ्रिजवर चिकटव. जीव कासावीस झालेला असताना अशी चौकशी होत नाही.

खाणं सोडलं, दात करकर वाजतायत, शी दोरीसारखी बारीक झाली किंवा थांबली, तर आतड्यात काहीतरी अडकलंय. तरुण फेरेट रबराचे तुकडे गिळतात, म्हाताऱ्यांच्या पोटात स्वतःच्याच केसांचा गोळा होतो. शी काळी, डांबरासारखी चिकट असेल तर आत रक्तस्राव आहे. श्वासाला पोट उडतंय, तर हृदय बघायला हवं. या सगळ्याला तोच दिवस, तोच तास. आणि तुमच्या उन्हाळ्यात एसी बंद ठेवून बाहेर जाऊ नका. पारा 30च्या पुढे गेला की फेरेट तापतो, त्याला घामानं अंग गार करता येत नाही.

तुमच्या घरी सर्दीतापाची साथ आहे असं लिहिलंस. माणसाचा फ्लू फेरेटाला होतो. 1933 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटांमुळेच, रोग्यांच्या घशातला स्राव त्यांच्या नाकात सोडल्यावर फेरेट आजारी पडले. तेव्हा ताप उतरेपर्यंत टॉफीला समीरनं हाताळू दे, आणि त्यालाही शिंका असतील तर मास्क लावून. तिला कणकण वाटली तरी क्रोसिनचा किंवा आयब्युप्रोफेनचा कणही द्यायचा नाही. पुण्याहून ताई प्रेमानं सुचवेल, पण ती औषधं फेरेटाला विष आहेत. ताई अजूनही टॉफीला मुंगूस म्हणते, म्हणू दे. खरं तर हिचं नातं आपल्या कोकणातल्या नद्यांमधल्या पाणमांजराशी आहे, मुंगूस वेगळ्याच घरातलं. पुढच्या खेपेला तिला तेवढं सांग, आवडेल तिला.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी टॉफीचं वजन कर आणि तारखेसकट लिहून ठेव. फेरेट थंडीत जाड होतात, उन्हाळ्यात उतरतात, तेव्हा एका आकड्यानं घाबरू नकोस. पण उतार लागून राहिला तर तो आजार आहे, डोळ्याला दिसायच्या आधी काटा सांगतो. वजनाशेजारी लिही, किती झोपली, मागचे पाय उडी मारताना कसे होते, शी कशी होती. टॉफी तुझ्याकडे येऊन वर्षही झालं नाही. आधीची मालकीण कॅलिफोर्नियाला गेली, तिथे फेरेट पाळायला कायद्यानं बंदी, म्हणून तुझ्या पदरात पडली. तिचं तरुणपण तू पाहिलेलं नाहीस, त्यामुळे आजची टॉफी हीच तुला नेहमीची वाटणार. जमलं तर त्या बाईंना फोटो पाठवून विचार, ही पूर्वी सोफ्यावर एका उडीत चढायची का.

पैशाचं आत्ताच समीरशी बोलून घे. तपासणी, औषधं, शस्त्रक्रिया, कुठवर जायचं. आणि कधी थांबायचं तेही. औषध चालू असूनही रोज झटके यायला लागले, वाटीकडे बघेनाशी झाली, तर तिला शांतपणे जाऊ देणं हेही तिची काळजी घेणंच आहे. त्या वेळी कुणी तुला निर्दय म्हणालं तर माझ्याकडे पाठव. पण तो दिवस आज नाही. जी अजून वाटीकडे धावते आणि सोफ्याखाली मोजे पळवते, तिच्यासाठी करण्यासारखं खूप आहे.

उद्या दवाखान्यातून निघालीस की मला फोन कर, आमच्याकडे रात्र असली तरी. रक्त किती तासांच्या उपासानंतर घेतलं आणि आकडा किती आला, हे कागदावर लिहून आण. तुमचा आकडा मिलिग्रॅममध्ये येईल, आमच्याकडे मोजायची रीत वेगळी, तुमच्या आकड्याला 18नं भागलं की आमचा येतो. मी इथल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवीन. प्रेडनिसोलोन दिलं तर कडू लागतं, थुंकेल. थोड्या पातळ केलेल्या कोंबडीच्या लगद्यात घालून सुईविना सिरिंजनं, तोंडाच्या कडेनं, थेंब थेंब दे.

तुझी,
सुमामावशी