कालिन्निकोवची पहिली सिंफनी

वासिली कालिन्निकोव हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका एलपीच्या कव्हरवर. कॉलेजच्या दिवसांत सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात ‘मेलोदिया’च्या तबकड्या मिळायच्या, त्याही माझ्या खिशाला परवडतील अशा. जी मायनरमधली पहिली सिंफनी, यूएसएसआर स्टेट सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर येवगेनी स्वेत्लानोव. घरी आणून लावली आणि पहिल्या भागातली दुसरी सुरावट चेलो आणि हॉर्नमधून वर आली, तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं. इतकी लांब श्वासाची, इतकी मोकळी चाल मी चायकोव्स्कीतही क्वचित ऐकली होती.

माणूस कोण, हे हळूहळू कळत गेलं. जन्म १८६६चा, ओर्योल प्रांतातला. फी भरायला पैसे नाहीत म्हणून मॉस्को कॉन्झर्व्हेटरी सुटली. मग फिलहार्मॉनिक सोसायटीच्या शाळेत बासून शिकला आणि नाटकांच्या वाद्यवृंदांत बासून, टिंपनी, व्हायोलिन, मिळेल ते वाजवून पोट भरलं. क्षयाने गाठलं म्हणून क्रिमियात गेला. ही सिंफनी १८९५मध्ये पूर्ण झाली, १८९७मध्ये कीवमध्ये वाजली आणि गाजली. पुढे रखमानिनोव त्याला यॉल्टात भेटला, त्याची ओढगस्त पाहिली आणि प्रकाशक युर्गेन्सनकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. जानेवारी १९०१मध्ये तो गेला, पस्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना.

ही हकिकत ऐकल्यावर सिंफनीत मरण शोधायचा मोह होतो. काही कंडक्टरांनाही होत असावा. मला ते पटत नाही. हे संगीत आजारी नाही. ते अंगणात ऊन आलेल्या माणसाचं आहे.

आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली की दोन वेगळे राग ऐकल्यासारखं वाटू शकतं, कारण गाणारा ती तिथल्या तिथे उभी करतो. इथे तर प्रत्येक स्वर कागदावर ठरलेला. मग कंडक्टरच्या हाती उरतं काय? लय, वाद्यांचा तोल, आणि सुरावट संपताना किती थांबायचं. एवढंच, आणि एवढ्यावर सगळं बदलतं.

पुढे एका वडीलधाऱ्या रसिकांनी तोस्कानिनीच्या १९४३च्या एनबीसी रेडिओ प्रक्षेपणाची कॅसेट करून दिली. स्टुडिओ कोरडा, आवाज जुना, पण तारवाद्यं कशी ताणलेली! स्वेत्लानोव जिथे सुरावटीवर रेंगाळतो तिथे तोस्कानिनी थांबतच नाही, आणि आश्चर्य म्हणजे तिचा गोडवा जराही कमी होत नाही. या रचनेची हाडं किती बळकट आहेत ते त्याने दाखवलं. नंतर सीडीवर नीमे यार्वी आला, स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्रा घेऊन.

माझा जीव अडकलेला आहे तो दुसऱ्या भागात, अँडांटेत. सुरुवातीला हार्प आणि व्हायोलिन यांचे हलके ठोके एकसारखे चालू राहतात आणि त्यांच्यावर कॉर आंग्लेची सुरावट येते. तिशीत मला इथे स्वेत्लानोवच हवा असायचा, त्याचा तो भरून आलेला गळा. आईच्या आजारपणात रात्री घर निजलं की मी यार्वीचं लावू लागले. तो ठोक्यांवर भार देत नाही, ते आपले पडत राहतात. कॉर आंग्लेही रडत नाही, नुसती गाते. त्या दिवसांत मला ज्याची गरज होती ते दुःख नव्हतंच, संगत होती. आजही अँडांटे मी यार्वीचंच ऐकते.

शेवटच्या भागाबद्दल मात्र माझं मत कधीच डळमळलं नाही. पहिल्या भागाची सुरावट परत येते, आणि अखेरीस अँडांटेची ती शांत चाल सगळे ब्रास वाजवणारे मिळून छाती भरून गातात. यार्वी इथे नीटस आहे, तोस्कानिनी झपाट्याचा. स्वेत्लानोव लय सैल सोडतो आणि त्याचे रशियन ट्रम्पेट-ट्रॉम्बोन तो थरथरता, उघडा आवाज लावतात, ज्याला पाश्चात्त्य समीक्षक भडक म्हणतात. म्हणोत. बासूनच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, पस्तिशीही न पाहिलेल्या माणसाने एवढा मोठा आनंद लिहून ठेवला आहे. तो मोजून-मापून कशाला वाजवायचा?

कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी स्वेत्लानोव सांगते. त्यानंतर अँडांटे यार्वीचं. आणि पहिला भाग तोस्कानिनीचाही ऐका, आवाज जरा वाढवून.