चांदीत रंग कसा कोरायचा?

कासारवाडीत नाशिक फाट्याच्या आसपासच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेक गाड्यांच्या सुट्या भागांची कामं चालतात. मी पदकांच्या डाय कोरतो. पोलाद तेच, भट्टी तीच, पण पदकात मापाइतकाच अर्थही नेमका उतरावा लागतो.

डायवर सगळं उलटं असतं. पदकावर जे उठून दिसायचं ते पोलादात खोल जातं, डावं उजवीकडे येतं. म्हणून मधूनमधून मेण दाबून ठसा पाहावा लागतो. रंग मात्र कुठल्याच ठशात उमटत नाही. लाल ढाल आणि निळी ढाल चांदीवर सारखीच. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या कुलचिन्हांत तर रंगाला मोठं महत्त्व. बरोक कलेच्या काळात त्यावर तोडगा निघाला. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ही पद्धत पसरली. त्या काळच्या पदकांवरच्या ढालीतली एकेक रेघ म्हणूनच वाचावीशी वाटते.

अशी अर्थपूर्ण काटकसर सावित्रीबाई खानोलकरांनी साधली. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या आणि लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून मराठी घरात आलेल्या या बाईंनी परमवीर चक्राची रचना केली. राष्ट्रचिन्हाभोवती इंद्राची चार वज्रं. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्यांतून वज्र घडलं. देह अर्पण करणाऱ्या सैनिकासाठी याहून समर्पक चिन्ह मला सुचत नाही.

ते पदक कांस्याचं. त्याच्याबरोबर २६ जानेवारी १९५० ला सुरू झालेलं महावीर चक्र चांदीचं, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. पाच टोकांचा तारा, टोकं काठाला जेमतेम टेकलेली, मधल्या फुगीर भागावर सोनेरी मुलाम्याचं राष्ट्रचिन्ह. अशा रचनेत कारागिराचा कस लागतो. मधला उंचवटा धातू ओढून घेतो आणि निमुळती टोकं भरायला धातू शेवटी पोचतो. टोक बोथट राहिलं की ताऱ्याचं तेज गेलं.

आज पदकाच्या एवढ्याशा चकतीवर लोकांना इमारत, पुस्तक, मशाल, चक्र आणि संस्थेचं पूर्ण नाव हवं असतं. मग एकही चिन्ह धड दिसत नाही. पदक करायला द्याल तेव्हा चित्राआधी एक वाक्य लिहून आणा, की हा सन्मान नेमका कशाबद्दल आहे. चिन्ह त्या वाक्यातूनच निघेल आणि ते एकच पुरेल.