निरोपाची जागा

पूर्वी पिंगुळीचा माणूस वेंगुर्ल्यास जाऊन मुंबईची आगबोट धरी. पडावातून तो बोटीवर चढे. बोट दिसेनाशी होईपर्यंत आप्तमंडळी किनाऱ्यावरून हलत नसत.

माझा भाचा क्रूझवर नोकरीस निघाला तो विमानाने. चिपीचा विमानतळ २०२१ पासून आमच्या उशाशी आहे. त्याचे तिकीट मात्र मोपाचे निघाले. (२०२३ च्या जानेवारीपासून तेथे विमाने उतरू लागली.) दारावरील जवानाने तिकीट आणि ओळखपत्र पाहिले, आणि निरोप तेथेच आटोपला. पासपोर्ट, सीडीसी पुन्हा पुन्हा चाचपीत तो काचेआड गेला. त्याचे जहाज परदेशी बंदरात उभे होते. भोवती नुसता जांभ्याचा सडा. ताई काचेपाशी उभीच.

"बोट खय आसा रे?" तिने मला विचारले.